उत्तरेकडची झाडं

स्की लिफ्टवर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशी बोलायचे विषय ठरलेले असतात. तुम्ही कुठले, आज किती वेळा वर आलात, आणि बर्फ कसा आहे. यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला फार आवडायचं. कारण मला ते खरंच माहीत असायचं.

मी स्कीइंग शिकले ते वयाच्या अडतिसाव्या वर्षी. आम्ही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ बॉथेलला राहतो, मी एका बायोटेक कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. शिकायला आम्ही दोघं मिळून गेलो होतो, पण दुसऱ्याच वर्षी बॅडमिंटन खेळताना नवऱ्याचा गुडघा गेला आणि तो घरी बसला. मी जात राहिले. अंगाने मी कधीच चपळ नव्हते. माझं कसब होतं ते हवामानाचे अंदाज वाचण्यात. आमच्याकडचे डोंगर समुद्राला जवळ, त्यामुळे बर्फ आणि पाऊस यांच्यात दोनचार अंशांचाच फरक असतो. ज्या उंचीच्या वर पावसाऐवजी बर्फ पडतो तिला इथे फ्रीझिंग लेव्हल म्हणतात. ती हजार फूट खाली आली की सगळे खूश, हजार फूट वर गेली की डोंगरावर नुसता चिखल. मी बुधवारपासून त्या आकड्यावर नजर ठेवून असायचे. वारा कुठून येणार, कोणत्या उतारावरचा बर्फ उडून जाणार, कुठे साठणार, हे सगळं मी लॅबमधल्या जेवणाच्या सुट्टीत बघायचे. आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर शुक्रवारी कोणी ना कोणी विचारायचंच, "उद्या जावं का?" आणि मी चार ओळींत उत्तर द्यायचे. माझा अंदाज सहसा चुकत नसे. त्याचा मला अभिमान होता, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

त्या वर्षी डिसेंबरात माझ्या सासूबाई पहिल्यांदाच अमेरिकेला आल्या. सासरे जाऊन दोन वर्षं झाली होती. अमरावतीला त्यांनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. बोलणं मोजकं, आवाज खालचा, पण वर्गात आवाज चढवण्याची वेळ ज्यांच्यावर कधी आलीच नसावी अशा. आमच्यात भांडण नव्हतं, पण गप्पाही नव्हत्या. मी कामावर, नवरा घरातच पण दार लावून मीटिंगमध्ये, आणि बाहेर अखंड भुरभुर पाऊस. त्या खिडकीशी बसून शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या डब्यांकडे बघत राहायच्या. संक्रांत झाल्यावरच्या शनिवारी मी म्हटलं, "आई, चला, तुम्हाला बर्फ दाखवते."

नवऱ्याची त्या आठवड्यात ऑन-कॉल ड्यूटी होती, म्हणून तो आला नाही. खरं सांगायचं तर सासूबाईंना बर्फ दाखवणं हे निमित्त होतं. रात्रीत अकरा इंच पडला होता, गारठा हवा तेवढा होता, आणि संध्याकाळी मोठं वादळ येणार होतं. मधला तो एक दिवस मला सोडवेना.

दोन तास ड्राइव्ह करून आम्ही पोचलो. साडीवर नवऱ्याचं जाडजूड जॅकेट, पायात स्पोर्ट्स शूज अशा अवतारात सासूबाई रिसॉर्टच्या लॉजमध्ये शिरल्या. आत लांबलचक टेबलं, ओल्या मोज्यांचा वास, स्कीच्या बुटांचा ठक ठक आवाज. मी त्यांना मोठ्या खिडकीजवळ जागा धरून दिली, चहाचा थर्मास आणि तिळाच्या वड्यांचा डबा समोर ठेवला.

"दोन-तीन तासांत येते मी, आई. चालेल ना?"

"जा," त्या म्हणाल्या. "मला काय होतंय इथे."

साडेअकराच्या सुमाराला मी लिफ्टच्या रांगेत एकटी होते. माझ्यासारखाच एकटा असलेला एक माणूस शेजारी येऊन बसला. साठी ओलांडलेला, मोहरीच्या रंगाचं जुनं जॅकेट, हातातल्या एका स्की पोलच्या, म्हणजे काठीच्या, मुठीला निळी टेप गुंडाळलेली. त्याने दात घासताना बोलावं तसं अस्पष्ट काहीतरी म्हटलं, मग तोंडावरचा मफलर खाली ओढला आणि हसला. कुठून आलात वगैरे झालं. त्याची बायको स्की करत नाही, खाली शब्दकोडी सोडवत बसते आणि एक वाजता जेवायला गेलं नाही तर रागावते, असंही त्याने सांगितलं. मग विचारलं, "बर्फ कुठे बरा आहे?"

मी सांगितलं. दोन दिवसांपूर्वी पाऊस पडून गोठला होता, त्यामुळे उघड्या उतारांवर नव्या बर्फाखाली कडक कवच होतं आणि ते वाऱ्याने उघडं पडायला लागलं होतं. उत्तरेकडच्या झाडांत मात्र वारा पोचत नाही, तिथे बर्फ अजून पिठासारखा भुसभुशीत आहे. मी नुकतीच तिथून आले होते.

"हेच ऐकायचं होतं," तो म्हणाला.

वर पोचल्यावर आम्ही उतरलो. मी हातमोजा नीट करायला थांबले. मान वर केली तोवर तो गेला होता. कुठल्या बाजूला गेला ते मी पाहिलं नाही. पुढच्या सगळ्याच्या मुळाशी हे एवढंच आहे.

एक वाजून गेल्यावर मी खाली आले तर सासूबाईंच्या शेजारी एक गोरी बाई बसली होती. छोटे पांढरे केस, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. त्यांच्यामध्ये तिळाच्या वड्यांचा डबा उघडा होता आणि सोललेल्या संत्र्याच्या फोडी कागदावर मांडल्या होत्या. सासूबाईंचं इंग्रजी वाचण्यापुरतं बरं होतं, बोलताना त्या अडखळायच्या. तरी दोघींचं काहीतरी चाललेलं दिसत होतं.

"हिचा नवरा वर आहे," सासूबाई मला म्हणाल्या. "एकला येणार होता. अजून आला नाही."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तिने घड्याळ दाखवलं."

मी त्या बाईकडे बघून हसले आणि म्हटलं की अशा बर्फात लोकांना वेळेचं भान राहत नाही. तीही हसली. तिचा नवरा म्हणजे मघाचाच माणूस, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी सँडविच खाल्लं आणि पुन्हा वर गेले. अजून तीन फेऱ्या केल्या. त्या तीन फेऱ्या मला पुढे फार छळत राहिल्या.

साडेतीनला परत आले तेव्हा ती बाई खिडकीशी उभी होती आणि सासूबाई तिच्या शेजारी. लाल जॅकेट घातलेली स्की पेट्रोलची, म्हणजे डोंगरावरच्या बचाव पथकाची, एक तरुण मुलगी हातात कागद घेऊन तिला प्रश्न विचारत होती. जॅकेटचा रंग? मोहरीसारखा. हेल्मेट? काळं. आणखी काही खूण? बाईने थोडा विचार केला आणि सांगितलं की एका पोलच्या मुठीला निळी टेप आहे, मूठ फुटली होती, तिनेच बांधून दिली होती.

ती बाई पुन्हा खिडकीकडे वळली तेव्हा मी पुढे झाले. त्या मुलीला हळूच म्हटलं, "मी त्यांच्याबरोबर लिफ्टवर होते."

पेट्रोलच्या मुलीने मला बाजूला घेतलं. किती वाजता, कोणती लिफ्ट, सगळं विचारलं. मग म्हणाली, "ते कुठे जाणार असं म्हणाले का?"

"उत्तरेकडच्या झाडांत," मी म्हटलं.

तिने लिहून घेतलं आणि तिथल्या तिथे रेडिओवर सांगितलं. मी खोटं बोलत आहे असं मला त्या क्षणी वाटलं नाही. तो तिकडेच गेला असणार असं मी धरूनच चालले होते. पण मला विचारलं होतं, तो काय म्हणाला. तो असं काही म्हणालाच नव्हता. म्हणाले होते ते मी. "मी त्यांना सांगितलं तिकडे बर्फ चांगला आहे," हे वाक्य तोंडाशी आलं होतं. ते मी गिळलं, कारण ती बाई चार पावलांवर उभी होती.

चार वाजता लिफ्ट बंद झाल्या. बर्फ पडायला लागला. त्या बाईला आतल्या खोलीत नेईपर्यंत सासूबाई तिचा हात धरून बसल्या होत्या. घाट बंद होईल म्हणून आम्हाला निघावं लागलं. अर्ध्या तासाने आम्ही घाट उतरलो. मग सासूबाई म्हणाल्या, "तिचा हात शेवटपर्यंत गरम झाला नाही."

पुढचे चार दिवस शोध चालला. माणसं, कुत्री, स्वयंसेवक. वादळामुळे सारखा खंड पडत होता. पाचव्या दिवशी तिकडे बर्फाचे कडे कोसळण्याचा धोका वाढला आणि शोध थांबवला. बातमीत लिहिलं होतं की तो बहुधा एखाद्या झाडाच्या खड्ड्यात पडला असावा. मी सासूबाईंना समजावून सांगितलं. इथल्या झाडांच्या फांद्या जमिनीपर्यंत आलेल्या असतात. त्या वरचा बर्फ अडवतात, त्यामुळे बुंध्याभोवती पोकळी राहते आणि वरून ती दिसत नाही. माणूस त्यात डोकं खाली करून पडला की हालचाल करावी तसा बर्फ आणखी अंगावर येतो. काही मिनिटांतच सगळं संपतं.

"आणि मग?" त्यांनी विचारलं.

"मग वर बर्फ पडत राहतो. उन्हाळ्यात वितळला की सापडतं कधीकधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "आज तिथे बर्फ किती आहे?"

मी फोनवर बघून सांगितलं. डोंगराच्या मध्यावर पंच्याऐंशी इंच. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. आठवड्याने त्यांनी मला त्यांच्या टॅबलेटवर रिसॉर्टचं पान कसं उघडायचं ते दाखवायला लावलं. मग विचारणं बंद झालं. भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरवर रोजच्या तिथीखाली बारीक पेन्सिलने एक आकडा दिसायला लागला. ब्याण्णव. शंभर. एकशे आठ.

मी त्या हंगामात पुन्हा डोंगरावर गेले नाही. कामाचं कारण सांगितलं. ग्रुपवर कोणी विचारलं तर म्हणायचे की अंदाज सगळ्यांना दिसतो तसाच मला दिसतो. पण बघणं सुटलं नव्हतं. लॅबमध्ये सॅम्पल मशीनमध्ये घालून वाट बघत असताना हात आपोआप फोनकडे जायचा. उत्तरेच्या उतारावर किती साठला असेल ते मी मनातल्या मनात मोजायचे. पूर्वी आकडा वाढला की अंगात उत्साह यायचा. आता प्रत्येक इंच त्या माणसावर पडत होता. किराणा घेताना, सिग्नलला थांबल्यावर, कुठेही मला तो मफलर खाली ओढून हसताना दिसायचा. "हेच ऐकायचं होतं." एकदा मीटिंगमध्ये कोणीतरी हेच शब्द सहज उच्चारले आणि मी उठून बाहेर गेले.

फेब्रुवारीच्या शेवटी दोन दिवसांत तीस इंचांचा अंदाज आला. ग्रुपवर आनंदीआनंद. रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते, सासूबाई समोर बसल्या होत्या. टॅबलेटवर बघून त्या म्हणाल्या, "काहून इतका पडतो?"

त्या एरवी प्रमाण भाषा बोलत. माहेरची बोली त्यांच्या तोंडून मी क्वचितच ऐकली होती. मी मान वर केली तर त्यांचे डोळे भरलेले होते.

त्यांना एक मोठा भाऊ होता, हे लग्नाला चौदा वर्षं होऊनही मला माहीत नव्हतं. सासूबाई कॉलेजात असताना तो एक दिवस नोकरीच्या कामासाठी म्हणून घरातून निघाला. शेजारच्या काकांनी त्याला एसटी स्टँडवर पाहिलं. त्यानंतर कोणी पाहिलं नाही.

"वहिनी सव्वीस वर्षांची होती," त्या म्हणाल्या. "आईने दिवस घालू दिले नाहीत. म्हणाली, माझा मुलगा येईल. वहिनी रोज सकाळी कुंकू लावायला आरशासमोर उभी राहायची. बोट कुंकवात बुडवायची आणि तशीच थांबायची. मग लावायची. रोज. मी बघायचे. लावावं तर कोणासाठी, न लावावं तर कशावरून. आई गेली, दादाच्या बरोबरीचे लोक गेले. वहिनी अजून लावते."

"शोधलं असेल ना सगळीकडे?"

"शोधलं की. काका म्हणाले, नागपूरच्या गाडीत चढला. म्हणून सगळे नागपूरलाच शोधत राहिले. वडील महिनाभर तिथे राहिले. पुढे दोन वर्षांनी काका म्हणाले, गाडी नागपूरची होती असं नक्की नाही सांगता येणार. स्टँडवर पाहिलं एवढं खरं."

मेथीची जुडी माझ्या हातात तशीच राहिली. त्यांनी हे माझ्याकडे रोखून वगैरे म्हटलं नव्हतं, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी विचारलं, "मग तुम्ही काकांवर रागावलात का?"

"वडील रागावले नाहीत. पण पुन्हा त्यांच्याकडे गेले नाहीत," त्या म्हणाल्या आणि निवडलेली पानं धुवायला घेऊन उठल्या.

मार्च संपता संपता आकडा उतरायला लागला. एकशे चाळीसवरून एकशे तीस, मग एकशे बारा. रिसॉर्टच्या पानावर 'वसंतातला मऊ बर्फ, लवकर या' अशी हौसेची वाक्यं असायची. सासूबाई ती सोडून फक्त आकडा वाचायच्या. एप्रिलमध्ये हंगामाचा शेवटचा शनिवार जाहीर झाला तेव्हा त्या म्हणाल्या, "मला तिथे घेऊन चल. ती येत असेल."

"आई, ती कशाला येईल तिथे?"

"येत असेल," त्या म्हणाल्या.

ती आली होती. उत्तरेच्या खिडकीजवळच्या टेबलाशी बसली होती, समोर शब्दकोड्याचं पुस्तक मिटलेलं. सासूबाईंना बघून ती उठली आणि दोघी एकमेकींचे हात धरून बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. जानेवारीपासून ती दर शनिवारी येत होती. लॉजमधले लोक तिच्याकडून कॉफीचे पैसे घेत नसत आणि ती दर वेळी भांडून देत असे, असं तिने सांगितलं.

मी दुभाषी होऊन बसले. सासूबाईंनी विचारलं, जेवतेस का, झोप लागते का, मुलं कुठे आहेत. एक मुलगी दुसऱ्या टोकाच्या राज्यात होती, ती येऊन राहून गेली होती. मग ती बाई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी इथेच बसते. तो त्या झाडांत आहे. निदान त्याच्याकडे तोंड करून बसता येतं."

मी म्हटलं, "त्यांच्याबरोबर लिफ्टवर जी बाई होती, ती मी."

तिने चष्मा डोळ्यांवर चढवून माझ्याकडे नीट पाहिलं. "तू होतीस? मला सांगितलं होतं कोणीतरी होती म्हणून. मी पुष्कळदा विचार केला, कोण असेल."

"त्यांनी मला विचारलं बर्फ कुठे बरा आहे. मी सांगितलं, उत्तरेकडे." माझा आवाज मलाच दुसऱ्या कोणाचा तरी वाटत होता. "मी सांगितलं नसतं तर..."

"नाही, नाही," ती म्हणाली. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. "तो सगळ्यांना विचारायचा. पंचेचाळीस वर्षं मी ऐकत आले. लिफ्टवर भेटेल त्याला विचारायचा आणि मग सकाळी नाश्त्याला ठरवलेलं असेल तिकडेच जायचा." मग तिने विचारलं, "पण तिकडेच जातो असं म्हणाला ना तो?"

मी तिच्याकडे पाहिलं. तीन महिने ती या खिडकीत बसली होती. त्या झाडांकडे तोंड करून.

"हो," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि पुन्हा बाहेर बघायला लागली. सासूबाईंनी मला विचारलं, "काय म्हणाली?" मी सगळं सांगितलं, शेवटचं सोडून. निघताना तिने सासूबाईंना मिठी मारली आणि माझा ईमेल लिहून घेतला. काही कळलं तर तुझ्या सासूबाईंना कळवेन, असं म्हणाली.

मेच्या अखेरीला सासूबाईंचे सहा महिने भरत आले. त्यांची बॅग भरताना मी म्हटलं, मुदत वाढवून घेऊ या का. त्या म्हणाल्या, "नको. घर बंद आहे." विमानतळावर नवरा गाडी लावायला गेला असताना त्या मला म्हणाल्या, "बर्फ छत्तीसवर आलाय. लक्ष ठेव." इतर कोणाच्या सासूने जाताना असं काही सांगितलं नसेल.

जूनच्या मध्यावर मला ईमेल आला. तो सापडला होता. दोन ट्रेकर कुत्रा घेऊन चालले होते. उत्तरेकडे नव्हे. पश्चिमेच्या बाजूला, लॉजच्या मागच्या पार्किंगच्या वरच्या अंगाला, दोन उतारांच्या मधल्या झाडांच्या पट्ट्यात. तिथून लॉज तीनशे पावलांवर होता. शॉर्टकट घेऊन तो खाली येत असावा, असं पेट्रोलच्या लोकांचं म्हणणं होतं. घड्याळात वेळ काय झाली होती हे अर्थातच कोणाला सांगता येणार नव्हतं, पण जेवायलाच येत होता असं मला वाटतं, असं तिने लिहिलं होतं. वेदना झाल्या नसतील, पहिल्या तासात सापडला असता तरी उपयोग झाला नसता, असंही तिला सांगितलं होतं. खाली एक ओळ होती. "मी सगळे शनिवार त्याच्याकडे पाठ करून बसले होते."

मी ते लॅबच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचलं. तो आधी उत्तरेकडे गेला होता का, माझं ऐकून चार फेऱ्या तिकडे मारल्या आणि मग परत निघाला का, की नाश्त्याला ठरवलेल्या दुसऱ्याच कुठल्या उतारावर गेला होता, हे आता कधीच कळणार नव्हतं. पाच महिने मी स्वतःला एका गोष्टीचा दोष देत होते आणि ती गोष्ट कदाचित घडलीच नव्हती. घडली होती ती दुसरीच. चार दिवस माणसं आणि कुत्री मी दाखवलेल्या बाजूला चालत राहिली होती.

तिकडे संध्याकाळ होती. सासूबाईंनी फोन उचलला. मी म्हटलं, "आई, ते सापडले."

त्या म्हणाल्या, "थांब. मी आंघोळ करून येते."

पंधरा मिनिटांनी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. ओल्या केसांना पंचा गुंडाळलेला होता. मी सगळं वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, दहन करणार की पुरणार. दहन, मी म्हटलं, आणि रक्षा त्याच डोंगरावर. "बरं," त्या म्हणाल्या. मग मी त्यांना उरलेलं सांगितलं. पेट्रोलच्या मुलीने काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, एप्रिलमध्ये त्या बाईने काय विचारलं आणि मी हो कसं म्हटलं. सांगताना मला रडू आलं नाही.

"तिला हे माहीत आहे?"

"नाही."

"मग सांग."

"आता सांगून काय उपयोग, आई? ती मला चांगलं समजते. तिला आणखी त्रास होईल."

"उपयोगासाठी नाही सांगायचं," त्या म्हणाल्या. वर्गात बोलत असतील तसा तो खालचा, सपाट आवाज होता. "ती भलत्या खिडकीत बसली. का बसली ते तिला कळायला हवं. तिचं आहे ते. तुझ्याजवळ काहून ठेवतेस?"

मला ते पत्र लिहायला नऊ दिवस लागले. आधी लांबलचक झालं, त्यात मी घाबरले होते, मला वाटलं होतं असं पुष्कळ आलं. ते सगळं काढून टाकलं. राहिल्या सहा ओळी. तो तिकडे जातो असं म्हणाला नव्हता. मी दोनदा तसं सांगितलं. मी पाहिलं नव्हतं.

उत्तर आलं नाही. सासूबाई दर रविवारी विचारायच्या, "आलं का?" मी नाही म्हणायचे आणि त्या दुसरं काही बोलायला लागायच्या. ऑगस्ट संपताना त्यांनी विचारणं सोडलं.

सप्टेंबरमध्ये तीन वाक्यं आली. तुझं पत्र मी वाचलं. मला तुझ्याशी यापुढे बोलायचं नाही, यात राग किती आहे ते मलाही ठाऊक नाही. तुझ्या सासूबाईंना सांग की रक्षा विसर्जन झालं आणि त्या दिवशी ऊन होतं.

मी सासूबाईंना फोन करून ते इंग्रजीतच वाचून दाखवलं. त्यांनी मधलं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मी वाचलं.

"बरोबर आहे तिचं," त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं. पलीकडे त्यांच्या गल्लीत कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. आम्ही दोघी ते ऐकत फोन धरून बसलो.